कपाटात उभं राहायची मुदत

कुठल्याही वाचनालयात गेले की मी पुस्तक मागून उघडते. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला तारीखपट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर परतीच्या तारखांचे शिक्के. त्या शिक्क्यांवरून गाव कळतं. मे महिन्यात शिक्क्यांची दाटी, लावणीच्या दिवसांत सगळा शुकशुकाट, गणपतीला चाकरमानी आले की पुन्हा दोनचार. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल होते. आता निवृत्त आहे, पण पट्टी बघायची खोड काही गेली नाही.

त्या पट्टीवरून आणखी एक गोष्ट काढता येते आणि ती काढली की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत वाद होतो. हे पुस्तक आणखी किती दिवस कपाटात उभं राहावं? आमच्याकडे निर्लेखनाचा विषय निघाला, म्हणजे पुस्तकं दाखलनोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, की मंडळातले अण्णा ठरलेलं वाक्य टाकायचे, "बाई, पुस्तक कधी जुनं होतं का?" मी त्यांना देवघेवीच्या टेबलावर दोन तास बसायला सांगायची. अण्णा आले नाहीत. आले असते तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलानं परत आणलेलं पुस्तक त्यांना दिसलं असतं. त्यात राज्यं अठ्ठावीसच होती. आज पुन्हा अठ्ठावीसच आहेत, पण ती वेगळी अठ्ठावीस. मधे २०१४ साली तेलंगणा झालं, २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे केंद्रशासित प्रदेश झाले. आकडा बरोबर, यादी चूक. अशी पुस्तकं फार घातक, कारण ती चुकीची वाटत नाहीत.

हा प्रश्न मोजून सोडवायचा प्रयत्न शंभर वर्षांपासून चालू आहे. १९२७ साली अमेरिकेत पोमोना कॉलेजातल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी एक साधी युक्ती केली. कॉलेजच्या ग्रंथालयानं रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत आणि त्यांचे किती जुने खंड घ्यावेत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचं १९२६ सालचं वर्ष घेतलं आणि त्यातल्या लेखांखाली दिलेले संदर्भ मोजले. ३,६३३ संदर्भ भरले. कोणत्या नियतकालिकाचा उल्लेख किती वेळा आला आणि तो किती जुन्या अंकाचा होता, याचा तक्ता मांडला. प्राध्यापकांना काय आवडतं हे विचारण्यापेक्षा ते खरोखर काय वापरतात हे बघायचं, एवढीच त्यातली गोम. मला ती फार पटते. सभासदाला विचारलं तर तो सांगतो, वैचारिक साहित्य आणा. शिक्के मात्र रहस्यकथांच्या पट्टीवर.

पुढे १९६० मध्ये बर्टन आणि केबलर यांनी किरणोत्सर्गाच्या शास्त्रातली अर्धायुष्याची कल्पना ग्रंथालयात आणली. एखाद्या विषयातले आजचे लेखक जे साहित्य वापरतात, त्यातलं निम्मं गेल्या किती वर्षांत छापलेलं आहे? ती वर्षं म्हणजे त्या विषयाचं अर्धायुष्य. त्यांच्या तक्त्यात धातुशास्त्राच्या अभियांत्रिकीचं अर्धायुष्य ३.९ वर्षं होतं, भौतिकशास्त्राचं ४.६, रसायनशास्त्राचं ८.१, गणिताचं १०.५ आणि भूशास्त्राचं ११.८. खडकांचा अभ्यास करणारा जुनी पानं उलटतो, धातूंचा करणारा उलटत नाही. हे ऐकायला छान वाटतं. ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा तक्ता पुढे पिढ्यान् पिढ्या छापला गेला.

यातली फट १९७० मध्ये मॉरिस लाइन या इंग्रज ग्रंथपालानं दाखवली. विज्ञानाचं साहित्य साधारण दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होतं, असा अंदाज डेरेक द सोला प्राइस यांनी त्याआधी मांडला होता. आता समजा एका विषयातलं साहित्य दर दहा वर्षांनी दुप्पट होतंय. म्हणजे आजवर छापलेल्या एकूण साहित्यातलं निम्मं गेल्या दहा वर्षांतलंच असणार. मग लोकांनी नवंजुनं असा काही भेद न करता, डोळे मिटून जरी लेख उचलले, तरी त्यातले निम्मे दहा वर्षांच्या आतलेच निघतील. अर्धायुष्य दहा वर्षं आलं, आणि जुनं मात्र काहीच झालेलं नाही! जत्रेत तरुणांचीच गर्दी दिसली म्हणून गावातले म्हातारे लवकर मेले असं होत नाही, गावात जन्म वाढले असतील. लाइन यांचं म्हणणं असं की वरवर दिसणाऱ्या जुनेपणातून ही वाढ वजा करा, मग उरेल तो खरा जुनेपणा. तेव्हापासून कुणी मला नुसतं अर्धायुष्य सांगितलं की मी विचारते, त्या विषयाची पुस्तकं दरसाल किती निघतात?

हे सगळं संशोधकांच्या नियतकालिकांचं झालं. आमच्यासारख्या ठिकाणी संदर्भ कुणी मोजायचे? इथे कामाला येतो तो शिक्का.

शिक्क्यांच्या हिशेबानं सगळ्यात मोठी खळबळ उडवली ती पिट्सबर्ग विद्यापीठानं. तिथल्या हिलमन ग्रंथालयात १९६९ साली दाखल झालेली ३६,८९२ पुस्तकं ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ अखेरपर्यंत तपासली. त्यातली जवळजवळ ४० टक्के एकदाही बाहेर गेली नव्हती. १९७९ मध्ये हे पुस्तकरूपानं आलं तेव्हा तिथले प्राध्यापक चिडले. त्यांचा आक्षेप असा की ग्रंथालयातच बसून चाळलेलं पुस्तक या हिशेबात नीट येत नाही, आणि विद्यापीठाचं ग्रंथालय काही किराणा दुकान नव्हे. आक्षेप खरा आहे. पण ४० टक्के हा आकडा त्यानं पुसला जात नाही. मी तो वाचला तेव्हा मला हायसंच वाटलं; वाटलं, म्हणजे हे फक्त आमच्याकडेच नाही. त्याआधी शिकागो विद्यापीठात फसलर आणि सायमन यांनी दाखवलं होतं की पुस्तक पुढे वापरलं जाईल का, हे ओळखायला त्याची भाषा किंवा प्रकाशनवर्ष यांपेक्षा आजवर ते किती वापरलं गेलं हे जास्त उपयोगी पडतं.

माझ्या हाताला खरी लागली ती स्टॅनले स्लोट यांची रीत. त्यांचं पुस्तक १९७५ चं. रीत इतकी सोपी आहे की कुठल्याही वाचनालयातला शिपाईसुद्धा ती करू शकेल. आज जे पुस्तक सभासद घेऊन चाललाय, त्याची पट्टी बघायची. याआधीचा शिक्का कधीचा? आजपासून तो किती मागे आहे, तेवढा काळ वहीत लिहायचा. म्हणजे पुन्हा उचललं जाण्याआधी ते पुस्तक किती काळ कपाटात उभं होतं ते कळलं. असं पुष्कळ पुस्तकांचं लिहून झालं की काळ चढत्या क्रमानं लावायचे. समजा शंभर नोंदी आहेत आणि त्यातल्या शहाण्णव पुस्तकांना बाहेर पडायला चौदा महिन्यांहून कमी काळ लागला. मग चौदा महिने ही तुमच्या वाचनालयाची रेषा. चौदा महिन्यांहून जास्त काळ हललेलंच नाही असं पुस्तक काढलं, तरी आज होणाऱ्या देवघेवीतली शंभरात चारच पुस्तकं हुकतील. कमी हुकायला हवी असतील तर रेषा लांब न्या. किती चुकायचं हे आधीच ठरवता येतं, हे मला या रीतीत आवडलं. अण्णांनाही ते आवडलं. ते पतसंस्थेत होते, बुडीत कर्जाचा हिशेब त्यांना कळायचा.

मी हे विषयवार केलं. कादंबऱ्यांची रेषा काही महिन्यांची निघाली. चरित्रांची त्याहून लांब. पोथ्यांच्या कपाटाशी मात्र स्लोट साहेब अडकले.

शिवलीलामृत आमच्याकडे श्रावणात बाहेर जातं. गुरुचरित्र दत्तजयंतीच्या आधी, सप्ताहासाठी. उरलेलं वर्षभर दोन्ही स्वस्थ. सहा महिन्यांच्या नोंदी घेतल्या आणि त्यात श्रावण नसला, तर शिवलीलामृत मेलेलं पुस्तक ठरतं. बरं, वर्षाची रेषा घेतली तरी अधिक मासाचं माहात्म्य सुटत नाही. अधिक महिना येतो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी. २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण, २०२६ मध्ये ज्येष्ठ. त्या महिन्यात आमच्या एकुलत्या एका प्रतीसाठी बायका नंबर लावतात आणि तो संपला की ती तीन वर्षं हात लागल्याशिवाय पडून राहते. अमेरिकेतल्या वाचनालयांसाठी घडवलेल्या रीतीला आपलं पंचांग कुठून माहीत असणार? पण रीत त्यानं खोटी पडली नाही. मोजायचा काळ हा वाचकाच्या वर्षाएवढा हवा, एवढाच त्याचा अर्थ, आणि काही वाचकांचं वर्ष तीन वर्षांचं असतं.

टेक्सास राज्याच्या ग्रंथालयानं लहान सार्वजनिक वाचनालयांसाठी १९७० च्या दशकात एक मार्गदर्शिका काढली, ती पुढे सगळीकडे वापरली गेली. तिच्यात विषयागणिक दोन आकडे दिलेले असतात. पहिला पुस्तक छापून झालेल्या वर्षांचा, दुसरा शेवटच्या देवघेवीनंतर गेलेल्या वर्षांचा. वैद्यकाला पाच आणि तीन. संगणकाला तीन, आणि दुसऱ्या आकड्याच्या जागी फुली, म्हणजे लोक नेत असले तरी काढा. कथाकादंबऱ्यांना उलट: कधी छापली याला महत्त्व नाही, दोन वर्षं कुणी नेली नाही तर बघा. आकड्यांच्या जोडीला कसोट्या आहेत: दिशाभूल करणारं आहे का, फाटकंतुटकं आहे का, त्याची नवी आवृत्ती आली आहे का, किरकोळ आहे का, तुमच्या गावाला लागू नाही का, दुसरीकडून मिळू शकतं का.

संगणकाची ती फुली महत्त्वाची आहे. शिक्क्यांवर पूर्ण विसंबणाऱ्याला ती अडवते. लोक नेतात म्हणून पुस्तक उपयोगी, हे दरवेळी खरं नसतं. आमच्याकडे घरगुती औषधोपचाराची जुनी पुस्तकं सतत बाहेर असायची आणि मला त्यांचीच धास्ती वाटायची. फ्रान्समधल्या थिएरी पॉइनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली यकृताच्या दोन आजारांवरचे, सिरोसिस आणि हिपॅटायटिसवरचे, अर्धशतकातले निष्कर्ष तपासून घेतले. ४७४ निष्कर्षांपैकी ६० टक्के अजून खरे मानले जात होते, १९ टक्के कालबाह्य झाले होते आणि २१ टक्के चक्क चुकीचे ठरले होते. सत्याचं अर्धायुष्य त्यांनी ४५ वर्षं काढलं. वैद्यकाच्या कपाटासमोर उभी राहिले की मला हा आकडा आठवायचा. मागणीचं आयुष्य एक आणि मजकुराचं दुसरं. पट्टीवर फक्त पहिलं उमटतं.

कायद्याच्या पुस्तकांचं आयुष्य तर थेट राजपत्रात संपतं. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ ला गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले. एका रात्रीत अख्खा कप्पा जुना झाला असं वाटलं आणि आमच्या वाचनालयात आता माझ्या जागी असलेल्या मुलीनं मला फोन केला, "मॅडम, सगळी काढू का?" मी म्हटलं, वकिलांना विचार. ते म्हणाले, ठेवा. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू, ते खटले वर्षानुवर्षं चालणार, आणि जुन्या कलमांवरचे निवाडे नव्या कलमांचा अर्थ लावायलाही लागणार. पण कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हाती तेच पुस्तक पडलं तर तो परीक्षेत आपटेल. शेवटी तिनं ती पुस्तकं देवघेवीतून काढून संदर्भ विभागात लावली आणि वर तारीख लिहिली. हे मला अगदी योग्य वाटलं. पुस्तकाची उपयुक्तता संपते तेव्हा पुष्कळदा ती एका वाचकापुरती संपलेली असते आणि दुसऱ्यासाठी सुरूही झालेली नसते.

याचं आपल्याकडचं सगळ्यात सुंदर उदाहरण दिवाळी अंक. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते. नोव्हेंबर-डिसेंबरात अंकावर उड्या, होळीपर्यंत मागणी ओसरते, पुढच्या दिवाळीला त्याची रद्दी. आलेख काढला तर कड्यासारखा सरळ खाली. पण काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली काढलेला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक आज कुठे सापडला, तर तो बघायला अभ्यासक मुंबई-पुण्याहून येतील. कथा वाचायला नव्हे. तेव्हाच्या जाहिराती, चित्रं, शुद्धलेखन, कोण लिहीत होतं आणि कोण नव्हतं, हे बघायला. एकदा खाली गेलेला आलेख साठसत्तर वर्षांनी पुन्हा वर चढतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तर कधी खाली गेलाच नाही. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि आजही भाषांतर करणारे त्यात डोकं घालतात. पण तो कोश घरी कुणी नेत नाही, जागेवर बघतात. त्यामुळे शिक्का शून्य.

आणि मेंडेल. वाटाण्यांवरच्या प्रयोगांचा त्यांचा निबंध १८६६ मध्ये ब्रनो इथल्या निसर्गशास्त्र मंडळाच्या वार्षिकात छापून आला. ते वार्षिक युरोपातल्या शंभराहून जास्त संस्थांकडे जात असे. चौतीस वर्षं त्याची जवळजवळ कुणी दखल घेतली नाही. १९०० साली तिघा शास्त्रज्ञांनी तो पुन्हा उजेडात आणला आणि आनुवंशिकीचं शास्त्र सुरू झालं. स्लोटची रेषा तिथल्या ग्रंथपालांनी लावली असती तर? निर्लेखनाला विरोध करणारा प्रत्येकजण हे उदाहरण देतो. मीही दिलंय. पण त्याचा वापर ढालीसारखा करू नये. ते वार्षिक शंभर ठिकाणी होतं. नव्वद ठिकाणी काढून टाकलं असतं तरी काही बिघडलं नसतं. सगळीकडेच काढलं असतं तर बिघडलं असतं. आमच्या कपाटातली २००९ ची सामान्यज्ञानाची गाइडं म्हणजे मेंडेल नव्हेत.

कागदाचं आयुष्य हा तिसराच हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि त्यातल्या आम्लानं पुस्तकं आतून खायला सुरुवात केली. विल्यम बॅरो यांनी अमेरिकेत १९०० ते १९४९ या काळातल्या पाचशे पुस्तकांचे कागद दुमडून, फाडून तपासले. त्यातले ९७ टक्के पन्नास वर्षांहून जास्त टिकणार नाहीत असा त्यांचा निष्कर्ष होता. कोकणात वर पावसाळ्याची दमट हवा, बुरशी, कसर, वाळवी. आमच्याकडे मजकूर तरुण आणि कागद म्हातारा, अशीच पुस्तकं जास्त.

ई-पुस्तक आलं तेव्हा वाटलं, निदान हा प्रश्न मिटला. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकानं अमेरिकेतल्या ग्रंथालयांना कळवलं की आमचं ई-पुस्तक सव्वीस वेळा देता येईल, पुढे पुन्हा विकत घ्या. दोन आठवड्यांची देवघेव धरली तर सव्वीस वेळा म्हणजे बरोबर एक वर्ष. ग्रंथपाल संतापले, काहींनी बहिष्कारही घातला. मला त्यात वेगळंच दिसलं. आजवर पुस्तकाचं आयुष्य वाचक ठरवत, कागद ठरवत, क्वचित सरकार ठरवत असे. इथे ते विक्रीच्या करारात छापून आलं. आमच्याकडे पुन:पुन्हा बांधणी करून साठसाठ शिक्के खाल्लेल्या कादंबऱ्या आहेत, पट्टीवर पट्टी चिकटवलेल्या.

आता आपल्याकडची खरी अडचण. रंगनाथन हे मद्रासमध्ये गणित शिकवत होते, तिथून १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. ग्रंथालयशास्त्राच्या त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतल्या शेवटच्या सूत्रात ग्रंथालयाला वाढणारा जीव मानलंय, आणि जीव म्हटला की तो नवं घेतो तसं जुनं टाकतोही. ग्रंथपालाच्या परीक्षेत हे सूत्र सगळे पाठ म्हणतात. पण आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आणि त्याखालचे नियम यांच्यानुसार वाचनालयाला वर्ग मिळतो, आणि तो मिळायच्या अटींत ग्रंथसंख्या आहे. वर्गावर अनुदान ठरतं. मग कोणतं कार्यकारी मंडळ संख्या कमी करून घेईल? तपासणीला आलेला माणूस मोजतो ती पुस्तकं. त्यांच्या पट्ट्या तो बघत नाही. ग्रंथसंख्येच्या शेजारी 'गेल्या तीन वर्षांत एकदा तरी बाहेर गेलेले ग्रंथ' असा एक रकाना तपासणीच्या नमुन्यात घातला, तर मोजणीची ही सगळी विद्या गावोगावी आपोआप शिकली जाईल, असं माझं मत आहे. हे मी लेखी कळवलंही होतं.

तो रकाना येईपर्यंत मागच्या खोलीचा उपाय चालतो. रेषेपलीकडचं पुस्तक लगेच नोंदवहीतून काढायचं नाही. मागे एका वेगळ्या कपाटात, सूचीत नाव ठेवून, अधिक मास येऊन जाईल इतके दिवस ठेवायचं. कुणी मागितलं तर पुढे आणायचं. नाही मागितलं तर दोन गोष्टी बघायच्या: ते आपल्या गावाविषयी किंवा गावातल्या कुणाचं आहे का, आणि दुसरीकडे त्याची प्रत आहे का. पहिल्याचं उत्तर गावात मिळतं. दुसऱ्यासाठी सगळ्या वाचनालयांची एकत्र सूची लागते, आणि तशी सूची माझ्या हाताशी कधीच नव्हती. मी जिल्ह्याच्या वाचनालयाला फोन करायची, शेजारच्या दोन तालुक्यांना करायची. तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणायच्या, "आमच्याकडे आहे, पण आम्हीही काढायच्याच विचारात होतो. तुम्ही ठेवता का?" मग आम्ही वाटून घ्यायचो. जुनी कृषीविषयक पुस्तकं त्यांच्याकडे, नाटकं आमच्याकडे.